अक्कलदाढ काढायची की ठेवायची? दुखणं थांबलंय तेव्हाच ठरवा

प्रश्न: मी २६ वर्षांची आहे. खालची डावी अक्कलदाढ अर्धी वर येऊन तिथेच थांबली आहे. वर्षभरात तीनदा तिथली हिरडी सुजली, ठणका कानापर्यंत गेला, तोंड नीट उघडेना. पहिल्या वेळी डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या होत्या. पुढच्या दोन्ही वेळा तीच चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून गोळ्या आणल्या आणि तीन-चार दिवसांत बरं वाटलं. आता एक डॉक्टर म्हणतात, चारही अक्कलदाढा एकदमच काढून टाका. दुसरे म्हणतात, दुखत नसेल तर राहू द्या. आई म्हणते, दाढ काढली की डोळे अधू होतात. ऑफिसमधल्या एका मैत्रिणीचा ओठ दाढ काढल्यावर कित्येक आठवडे बधिर होता, ते ऐकल्यापासून तर धीरच होत नाही. दोन महिन्यांनी माझी परीक्षा आहे. सध्या काहीच दुखत नाही. काय करू?

उत्तर: तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य अगदी शेवटी आलं आहे: सध्या काहीच दुखत नाही. निर्णय घ्यायला हीच वेळ चांगली. दाढ ठणकत असते तेव्हा माणूस दोनच गोष्टी मागतो. एक तर कुठलीही गोळी द्या, नाहीतर आत्ताच्या आत्ता ही दाढ उपटा. त्या अवस्थेत नीट एक्स-रे बघणं, चार प्रश्न विचारणं, दिवस ठरवणं यातलं काहीच होत नाही. आणि दुखणं थांबलं की विषय मागे पडतो तो थेट पुढच्या सुजेपर्यंत. तुमचं वर्ष असंच गेलं आहे.

आधी माझं मत सांगते, मग कारणं. तुम्ही लिहिलंय ते सगळं धरून चाललं, तर खालची डावी दाढ काढून घ्या, आणि या दोन महिन्यांच्या सुरुवातीलाच काढून घ्या. बाकीच्या तिघींबद्दल मात्र एक्स-रे बघितल्याशिवाय कुणीही हो किंवा नाही म्हणू नये.

अक्कलदाढ साधारण १७ ते २५ या वयात येते. तोवर पुढचे सगळे दात आपापली जागा धरून बसलेले असतात. जागा पुरली तर ती सरळ वर येते आणि जन्मभर काही तक्रार करत नाही. काहींच्या जबड्यात ती तयारच होत नाही. जागा कमी पडली की ती पुढच्या दाढेकडे कलते, आडवी पडते, किंवा तुमच्यासारखी अर्ध्यावर अडकते. पूर्ण हाडात राहिलेली दाढ पुष्कळदा गप्प असते. जास्त छळते ती अर्धी आत, अर्धी बाहेर राहिलेली, कारण तिथे जंतूंना आत शिरायला वाट असते आणि ब्रशला पोचायला नसते.

एकदा आरशासमोर उभ्या राहा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि गाल बोटानं बाजूला ओढून बघा. शेवटच्या दाढेवर मागून चढलेली हिरडीची एक झडप दिसेल. बहुतेकदा तिच्या कडेवर वरच्या दाढेचे ठसे उमटलेले असतात, कारण सुजली की ती वर येते आणि प्रत्येक घासाला वरची दाढ तिलाच चावते. मग ती आणखी सुजते. झडपेच्या खाली एक अरुंद खिसा असतो आणि खाल्लेलं त्यात जाऊन अडकतं. दवाखान्यात आम्ही बोथट, वाकवलेल्या सुईच्या सिरिंजनं त्या खिशात सलाइन सोडलं की पहिल्या धारेबरोबर गढूळ पाणी, अन्नाचे कण आणि एक कुबट वास बाहेर येतो. तो वास पेशंटला स्वतःलाही येतो. इतके दिवस तोंडाला येणारी घाण चव कुठून येत होती, ते त्यांना त्या क्षणी कळतं. एवढी साधी सफाई केली तरी पुष्कळांना खुर्चीतून उठायच्या आधीच हलकं वाटायला लागतं.

आता तुमच्या गोळ्यांचं. अँटिबायोटिकनं जंतूंची संख्या कमी होते, सूज उतरते. पण खिसा तिथेच राहतो, त्यात अडकलेलं तिथेच राहतं आणि दाढही होती तशीच राहते. म्हणून काही महिन्यांनी तेच पुन्हा. शिवाय प्रत्येक सुजेला अँटिबायोटिक लागतंच असंही नाही. ताप आला, सूज गालाकडे किंवा जबड्याखाली पसरायला लागली, तोंड उघडेनासं झालं, गिळताना दुखायला लागलं, तर ते द्यावं लागतं. नुसती झडप सुजली असेल तर खिसा धुणं, कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि वेदनाशामक गोळी एवढ्यावर बऱ्याचदा भागतं. जुनी चिठ्ठी दाखवून गोळ्या आणणं कृपा करून बंद करा. गरज नसताना किंवा अर्धवट घेतलेल्या अँटिबायोटिकनं जंतू त्या औषधाला सरावतात, आणि उद्या खरंच गरज पडेल तेव्हा तेच औषध तुमच्या कामी येत नाही. माझा राग तुमच्यावर नाही. रात्री दाढ ठणकत असताना समोर दुसरं काही सुचत नाही, हे मी रोज बघते.

तेवढ्यात हेही सांगते की दुखऱ्या हिरडीवर लवंगेच्या तेलाचा बोळा तासन्‌तास दाबून ठेवू नका आणि ॲस्पिरिनची गोळी तर तिथे अजिबात ठेवू नका. दोन्हीनं हिरडी भाजते आणि मूळ दुखण्यात एका जखमेची भर पडते.

काढायला सांगण्याचं माझं पहिलं कारण तुमच्या पत्रातला 'तीनदा' हा शब्द. एकदाच सूज आली आणि ती फार तीव्र नसेल, तर तेवढ्यावरून दाढ काढायची घाई मी करणार नाही. ब्रिटनमधल्या 'नाइस' या संस्थेनं २००० साली याबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यात म्हटलं आहे की आजार नसलेली अडकलेली अक्कलदाढ केवळ खबरदारी म्हणून काढू नये. पहिली सूज तीव्र नसेल तर शस्त्रक्रियेचं कारण धरू नये. दुसऱ्यांदा किंवा त्यानंतर सूज आली तर मात्र काढणं योग्य ठरतं. सगळीकडे असंच मानतात असं नाही, अमेरिकेत लवकर काढून टाकण्याकडे कल जास्त आहे. पण सावधपणे चालणाऱ्यांच्या नियमानंसुद्धा तुमची दाढ काढण्याच्या बाजूला जाते, म्हणून हा दाखला दिला.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं आणि त्याबद्दल पेशंटशी फार कमी बोललं जातं. अक्कलदाढेच्या पुढची दाढ ही चावण्याच्या कामातली मोठी, भक्कम दाढ आहे. अक्कलदाढ तिच्यावर कलली की दोघींच्या मध्ये एक फट तयार होते. तिथे अडकलेलं ब्रशनं निघत नाही, फ्लॉसनंही धड निघत नाही. हळूहळू पुढच्या दाढेला मागच्या बाजूनं, हिरडीच्या पातळीला कीड लागते किंवा तिथलं हाड झिजतं. हे आरशात दिसत नाही आणि बरेच दिवस दुखतही नाही. दुखायला लागतं तोवर कीड आत दाढेच्या नसेला जाऊन भिडलेली असते आणि ती अशा जागी असते की अक्कलदाढ काढल्याशिवाय धड फिलिंगही करता येत नाही. कामाची नसलेली दाढ सांभाळताना कामाची दाढ गमावलेली माणसं बघितली की मला फार वाईट वाटतं, कारण हे टाळता येण्यासारखं असतं. त्यामुळे तुमच्या डॉक्टरांना पहिला प्रश्न हा विचारा: अक्कलदाढेचं राहू दे, तिच्या पुढची दाढ कशी आहे?

तुमचे दोन डॉक्टर दोन टोकांचं बोलले. 'दुखत नसेल तर राहू द्या' हे कधीच न सुजलेल्या दाढेला लागू आहे. दोन सुजांच्या मधल्या काळात गप्प असलेल्या दाढेला ते लागू नाही. तीन वेळचा सगळा इतिहास त्यांच्या कानावर घातला होता का, हे एकदा आठवून बघा. गोळ्या परस्पर घेतल्या की डॉक्टरांच्या कागदावर एकच सूज नोंदलेली राहते. उलट 'चारही काढा' याचं कारण प्रत्येक दाढेसाठी वेगळं सांगता आलं पाहिजे. वरची डावी दाढ खालच्या झडपेला चावत असेल, किंवा खालची गेल्यावर तिला चावायला समोर काही उरणार नसेल, तर तीही त्याच वेळी काढणं शहाणपणाचं असतं. समोरचा आधार गेलेली दाढ हळूहळू खाली उतरते आणि गालाला किंवा हिरडीला टोचायला लागते. वरची अक्कलदाढ काढणं सहसा सोपंही असतं. उजवीकडच्या दोघी सरळ आल्या असतील, साफ ठेवता येत असतील, तर त्यांना हात लावायचं कारण मला दिसत नाही. आणि 'अक्कलदाढ ठेवली तर पुढचे दात वाकडे होतील' एवढंच कारण कुणी देत असेल, तर ते धरू नका. पुढच्या दातांची गर्दी वयानुसार वाढते, अक्कलदाढ नसलेल्यांचीही वाढते.

आता ओठाच्या बधिरपणाबद्दल, कारण तुमची खरी भीती ती आहे आणि ती अगदीच निराधार नाही. खालच्या जबड्याच्या हाडात एक बारीक बोगदा असतो. त्यातून जाणारी नस खालच्या दातांना, खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देते. काहींच्या अक्कलदाढेची मुळं या बोगद्याच्या बरीच वर असतात, काहींची त्याला टेकलेली असतात. दाढ काढताना त्या नसेवर दाब आला तर ओठाचा तो भाग बधिर होतो, मुंग्या येतात. जिभेच्या बाजूनं जाणारी दुसरी नस दुखावली तर जिभेचा अर्धा भाग बधिर होतो, चवही बदलू शकते. बहुतेकांचा हा बधिरपणा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतो. तो कायमचा राहण्याचं प्रमाण एकूण पेशंटमध्ये शंभरात एकाहून कमी आहे, पण मुळं नसेला भिडलेली असतील तर धोका वाढतो. या दोन्ही नसा संवेदनेच्या आहेत. ओठ हलवणारी नस वेगळी, त्यामुळे ओठ बधिर राहिला तरी चेहरा वाकडा होत नाही. तुमच्या मैत्रिणीच्या बाबतीत बहुधा असाच दाब आला असावा.

हा धोका बऱ्याच अंशी आधी ओळखता येतो. ओपीजी नावाचा एक्स-रे काढतात, त्यात दोन्ही जबडे एकाच चित्रात दिसतात. तो डॉक्टरांना स्क्रीनवर लावायला सांगा आणि बोगदा कुठे आहे ते दाखवायला सांगा. जबड्यातून जाणाऱ्या दोन समांतर पांढऱ्या रेघा दिसतील, त्यांच्या मधली जागा म्हणजे नसेची वाट. दाढेच्या मुळापाशी पांढरी रेघ तुटलेली दिसते का, मूळ त्या जागी काळपट दिसतं का, बोगदा तिथे वळसा घेतो का, हे बघायचं. असं काही दिसलं तर सीबीसीटी म्हणजे तिन्ही बाजूंनी बघता येणारा स्कॅन करून घेणं योग्य. नस खरोखरच मुळांना चिकटलेली निघाली तर आणखी एक मार्ग आहे. दाढेचा वरचा भाग तेवढा काढायचा आणि मुळं हाडातच राहू द्यायची. त्याला कोरोनेक्टॉमी म्हणतात. दाढ किडलेली नसेल आणि मुळं हलत नसतील तरच ते करता येतं, आणि पुढे कधी मुळं वर सरकली तर ती काढावी लागतात. पण नस वाचवायला हा चांगला पर्याय आहे. रेघ तुटलेली असेल किंवा दाढ आडवी असेल तर काम ओरल सर्जनकडून, म्हणजे तोंड-जबड्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञाकडून करून घ्या, आणि 'अशा दाढा तुम्ही नेहमी काढता का?' हे विचारायला संकोचू नका. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

वयाचा मुद्दाही इथेच येतो. विशीत हाड थोडं लवचीक असतं, जखम लवकर भरते. जसजसं वय वाढतं तसं हाड घट्ट होतं, काढायला वेळ जास्त लागतो आणि गुंतागुंतही वाढते. काढायचीच आहे हे नक्की असेल, तर पाच-सात वर्षं ढकलून काही मिळत नाही.

आईंना सांगा की डोळ्यांची नस वेगळी आणि दातांची वेगळी. दाढ काढल्यानं नजर कमी होत नाही. दाढा काढण्याचं वय आणि चष्म्याचा नंबर बदलण्याचं वय अनेकांचं एकच येतं, त्यातून हा समज पक्का झाला असावा. त्यांची काळजी खरी आहे, तेव्हा त्यांना डॉक्टरांकडे बरोबर घेऊन गेलात तर उत्तम.

प्रत्यक्ष काढताना काय होतं ते माहीत असलं की भीती अर्धी होते, म्हणून जरा सविस्तर सांगते. भुलेचं इंजेक्शन जबड्याच्या मागच्या बाजूला देतात. टोचल्याचं कळतं, मग थोड्या वेळात अर्धा ओठ आणि जिभेची एक बाजू जड होते. ओठ पूर्ण जड झाल्याशिवाय काम सुरू करत नाहीत, करू द्यायचंही नाही. भुलेनं दुखणं जातं, दाब मात्र जाणवतो. हे कुणी आधी सांगितलेलं नसलं की जबड्यावर पहिला जोर आला की पेशंट घाबरतात, त्यांना वाटतं भूल उतरली. उतरलेली नसते. हिरडी थोडी उघडतात, गरज असेल तर दाढेभोवतीचं थोडं हाड पाण्याच्या धारेखाली ड्रिलनं काढतात, दाढ दोन-तीन तुकड्यांत कापून एकेक तुकडा बाहेर घेतात. एक करकर आवाज डोक्यात घुमतो, कारण तो हाडातून थेट कानाशी जातो. बाहेर तो एवढा मोठा नसतो. शेवटी टाके. बऱ्याचदा हे सगळं अर्ध्या-पाऊण तासात आटपतं. सुरू करायच्या आधी डॉक्टरांशी ठरवून घ्या की डावा हात वर केला की थांबायचं. हात वर केल्यावर ते खरंच थांबतात हे एकदा कळलं की बहुतेकांचे खांदे सैल पडतात. फारच भीती असेल तर गुंगीच्या औषधाचा पर्याय विचारता येतो, फक्त मग घरी न्यायला सोबत कुणीतरी हवं.

जायच्या आधी तुमची सगळी औषधं सांगा. रक्त पातळ करणारी गोळी, हाडं ठिसूळ झाल्यावर देतात ती औषधं, मधुमेह, दमा, कुठल्या औषधाची ॲलर्जी, गरोदरपण. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर त्याही सांगा, कारण त्यानं पुढे सांगते त्या ड्राय सॉकेटची शक्यता थोडी वाढते. कुठलीही गोळी मनानं बंद मात्र करू नका.

काढल्यावरचे पहिले २४ तास एकाच गोष्टीसाठी द्यायचे: खड्ड्यात धरलेली रक्ताची गुठळी जागेवर ठेवायची. तिच्यावरच पुढची जखम भरते. गॉजचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरा, दर पाच मिनिटांनी काढून बघू नका. त्या दिवशी चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, स्ट्रॉनं काही प्यायचं नाही. लाळ लालसर दिसेल, तेवढं चालतं. गालावर बाहेरून बर्फ कपड्यात गुंडाळून थोडा वेळ धरा, थोडा वेळ काढा. उशी जरा उंच घ्या. ओठ बधिर आहे तोवर गरम काही नको आणि चावायचंही नको, गाल चावला गेला तरी कळत नाही. सिगारेट, तंबाखू कुठल्याही रूपात असेल तर निदान आठवडाभर पूर्ण बंद.

दुखणं सुरू व्हायची वाट बघत बसू नका. भूल उतरायच्या आत पहिली गोळी घ्या. या दुखण्यावर आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र घेतल्यानं नुसत्या एकापेक्षा जास्त आराम मिळतो. पण पित्ताचा अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास, दमा किंवा गरोदरपण असेल तर आयब्युप्रोफेन चालत नाही, म्हणून तुमचा डोस डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. दुसऱ्या दिवसापासून ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून जेवणानंतर हलक्या गुळण्या करा. पाणी तोंडात नुसतं फिरवायचं आणि तोंड उघडून खाली पडू द्यायचं. बाकीचे दात नेहमीसारखे घासा, जखमेच्या जवळ जरा जपून.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दिसते. हे आधी माहीत नसलं की लोक तिसऱ्या दिवशी घाबरून फोन करतात. गालावर निळसर-पिवळा डाग पडू शकतो, जबडा आठवडाभर, कधी दोन आठवडे आखडलेला राहतो. हे सगळं आपोआप कमी होत जायला हवं. कमी होत आलेलं दुखणं तिसऱ्या-चौथ्या दिवशी अचानक वाढलं, कानाकडे ठणका जायला लागला, तोंडाला वास यायला लागला आणि गोळीनंही भागेना, तर ती बहुधा गुठळी निघून गेल्याची खूण. यालाच ड्राय सॉकेट म्हणतात. खालच्या अक्कलदाढेच्या बाबतीत तो त्यातल्या त्यात जास्त होतो. धोक्याचं काही नसतं, पण फार दुखतं आणि घरी बसून सोसायचं कारण नाही. डॉक्टर खड्डा धुऊन त्यात औषधाची पट्टी ठेवतात आणि त्याच दिवशी बराच आराम पडतो.

काही गोष्टींना मात्र उद्यावर टाकू नका, आज दाढ काढलेली असो किंवा नसो. थुंकी गिळता येत नाही, जिभेखाली किंवा जबड्याखाली कडक सूज आली आहे, आवाज बदलला आहे, श्वास घ्यायला जड जातंय, यातलं काहीही झालं तर दातांच्या दवाखान्याची वेळ बघत बसायचं नाही, सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जायचं. दाढेचा संसर्ग गळ्याकडे उतरू शकतो आणि तेव्हा तासांचा हिशेब असतो. काढल्यानंतर बोळा अर्धा तास नीट दाबूनही रक्त थांबत नसेल, तीन दिवसांनंतर सूज उतरायच्या ऐवजी वाढत असेल, ताप येत असेल किंवा दुसऱ्या दिवशीही ओठ बधिर असेल, तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा.

आता परीक्षेचं. 'परीक्षा झाल्यावर बघू' असं म्हणायचा मोह होईल. पण वर्षात तीनदा सुजलेली हिरडी चौथ्यांदा नेमकी कधी सुजेल हे तुमच्या हातात नाही, आणि जागरणाच्या दिवसांत तर दात घासण्याकडेही नीट लक्ष राहत नाही. या आठवड्यात ओपीजी काढून घ्या, पुढच्या दोन-तीन आठवड्यांत दाढ काढा. कामाच्या जागी तीन-चार दिवसांची सुट्टी सांगून ठेवा, पहिले दोन दिवस अभ्यासाचा हट्ट धरू नका. म्हणजे परीक्षेपर्यंत महिनाभर तरी हातात राहील. तोवर हिरडी बरीचशी जुळून आलेली असते. खालचं हाड भरायला काही महिने लागतात, पण ते तुम्हाला जाणवणारही नाही. वरची डावीही काढायची ठरली तर ती त्याच बैठकीत काढून घ्या, म्हणजे उजव्या बाजूनं जेवता येईल. वरची काढली असेल तर काही दिवस नाक जोरात शिंकरू नका, वरच्या दाढांची मुळं नाकालगतच्या सायनसच्या जवळ असतात.

एक्स-रेमध्ये नस मुळांना चिकटलेली दिसली आणि सर्जननी परीक्षेनंतर करू असं सुचवलं, तर त्यांचं ऐका. मग मधल्या काळासाठी त्यांच्याकडूनच खिसा धुऊन घ्या, छोट्या डोक्याचा मऊ ब्रश घेऊन झडपेची कड रोज रात्री मागून पुढे हलक्या हातानं घासा, आणि जेवणानंतर मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा. कुणी नुसती झडप कापून टाकू म्हणालं तर विचारा की दाढेला पूर्ण वर यायला जागा आहे का. जागा नसेल तर हिरडी पुन्हा वाढते.

उजवीकडच्या दोन दाढांचं काय दिसलं ते त्याच ओपीजीवर विचारून घ्या. काही आजार नसेल तर वर्षातून एकदा त्या तपासून घ्या आणि सुजली तर पहिल्याच वेळी दाखवा, जुनी चिठ्ठी न शोधता.